खटावीन जुळलं नाही

माझं काम नेमकं काय, हे मला इतक्या वर्षांत घरच्यांनाही धड सांगता आलेलं नाही. सासुरवाडी कुंडलची. द्राक्षावर डावणीची बुरशी पडली की धाकटा मेहुणा फोन करतो, "दाजी, तुमी केमिकलमधलं मानूस. काय मारू सांगा." मी म्हणतो, बाबा रे, मला त्यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, दाजी सांगायला टाळतात. शेजारच्या काकूंनी एकदा फरशीवरचे डाग दाखवायला बोलावलं होतं. आणि ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ असं पूर्ण नाव सांगितलं तर समोरचा विचारतो, म्हणजे गांडूळखत वगैरे का?

तेव्हा आधी काम सांगतो. झाडाच्या मुळात, सालीत, कुठल्याशा बुरशीत निसर्ग काही पदार्थ तयार करत असतो. त्यातले काही औषधी, काही विषारी, बरेचसे दोन्ही. पण ते असतात अगदी थोडे. पोतंभर मुळ्यांचा अर्क काढावा तेव्हा नखावर मावेल इतका पदार्थ हाती लागतो. तेवढ्यावर कुणी तपासण्या कशा करणार? म्हणून तोच पदार्थ बाटलीत विकत मिळणाऱ्या साध्या रसायनांपासून पायरीपायरीने बांधून द्यायचा, हा आमचा धंदा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका अंगाला फौंड्री, दुसऱ्या अंगाला खोक्यांचा कारखाना आणि मधे आमची दुमजली प्रयोगशाळा. बाहेरून बघणाऱ्याला ती पॅथॉलॉजी लॅब वाटते. एकदोघे लघवीची बाटली घेऊनही आले होते.

या बांधकामात विटा डोळ्यांना दिसत नाहीत आणि नुकसानीचा हिशेब कडक असतो. एका पायरीला शंभरातले ऐंशी हाती लागले तर आम्ही खूश असतो. पण दुसरी पायरी त्या ऐंशीवर करायची असते, तिसरी चौसष्टवर. अशा दहा पायऱ्या झाल्या की शंभरातले जेमतेम दहा-अकरा उरतात, आणि अवघड पदार्थांना दहा पायऱ्या ही नुसती सुरुवात असते. त्यामुळे शेवटच्या पायऱ्यांवर आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो. काचेच्या भांड्याच्या तळाशी जे पांढरं काही दिसतं, ते कित्येक महिन्यांचं काम असतं आणि शिंक आली तर गेलं.

दुसरी अडचण दिशेची. नुसते अणू ओळीने जोडून भागत नाही. एखादा गट कागदाच्या वर आला पाहिजे की खाली गेला पाहिजे, यावर सगळं अवलंबून असतं. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालून चालता येत नाही, तसंच ते. चित्र काढताना वर येणारा गट आम्ही भरीव त्रिकोणी रेघेने दाखवतो आणि खाली जाणारा तुटक रेघेने. हे चित्र म्हणजे आमचा नकाशा. तो काढतो वेगळाच माणूस: ज्यानं तो पदार्थ झाडातून पहिल्यांदा वेगळा केला, तो. आम्ही त्याच्या चित्राबरहुकूम बांधतो आणि शेवटी आमच्या पदार्थाचे आलेख नैसर्गिक पदार्थाच्या आलेखांशी ताडून बघतो. सगळी शिखरं जागच्या जागी आली तर फोनवर एकच शब्द सांगतात: जुळलं.

आता सरांविषयी. मुजावर सर साताऱ्याच्या कॉलेजात आम्हाला शिकवायला होते. मूळ वडूजचे. वडिलांचं तिथं काष्ठौषधींचं दुकान, जे आता पुतण्या रियाज चालवतो. खटाव तालुक्याच्या माळांवर एक काटेरी झुडूप होतं. तिकडे त्याला चिरमुळी म्हणतात. विंचू चावला की माणसं त्याची मुळी उगाळून लावत. तरुणपणी सरांनी ती मुळी पोत्यांनी आणून, वाळवून, कुटून, तिच्यातून एक नवा पदार्थ वेगळा केला होता आणि त्याचं चित्र शोधून काढलं होतं. नव्या पदार्थाला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. लोक सहसा झाडाचं नाव देतात. सरांनी तालुक्याचं दिलं. खटावीन.

सरांनी आयुष्यात हे एकच संशोधन केलं. पुढे संसार, बहिणींची लग्नं, कॉलेजातले तास. पण फळ्यावर ते खटावीनचं चित्र काढत तेव्हा खडू न उचलता काढत आणि शेवटी त्या एका जागी त्रिकोणी रेघ गिरवून ठळक करत. "हा इथं वर आहे. लक्षात ठेवा. ह्याच्यात सगळी गंमत आहे." मी या धंद्यात आलो तो त्या चित्रामुळे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यामुळे परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने आमच्या कंपनीकडे खटावीनची मागणी नोंदवली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. लगेच सरांना फोन लावला.  मग सर म्हणाले, "कुठलं खटावीन? आपलं?"

तिथून दर रविवारी सरांचा फोन यायला लागला. आमच्या कामाच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, पण मालकांनी सरांपुरती परवानगी दिली होती. मी त्यांना कुठल्या पायरीवर आहोत एवढंच सांगायचो. सर ते चाचींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगत, चाची फोनवर वडूजला सांगत आणि वडूजला रियाजच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ते कळे. "शेवटची पायरी राहिली सर," असं मी एका रविवारी म्हणालो आणि पुढच्या रविवारी कळलं की वडूजकरांनी सत्काराची तारीख धरली आहे. तालुक्याचं नाव जगात पोचवलं म्हणून. मला तेव्हा तोंड आवरायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मलाही खात्रीच होती.

शेवटची पायरी झाली. असले आलेख काढणारं मोठं यंत्र कुपवाडात नाही, नमुना पुण्याला जातो आणि आलेख मेलवर येतात. मी ते सरांच्या छापील आकड्यांशेजारी ठेवले. सगळी शिखरं जुळत होती, दोन सोडून. ती दोन, नेमकी सरांच्या त्या त्रिकोणी रेघेच्या जागची, थोडीशी बाजूला होती. फार नाही. बाहेरच्या माणसाला फरक दाखवला तर तो म्हणेल, एवढ्याने काय होतंय? आमच्यात एवढ्यानेच होतं.

मी धरून चाललो की माझंच चुकलं. शिरस्ताच तसा आहे. आधी आपला हात तपासायचा. शेवटच्या पायऱ्या पुन्हा केल्या, द्रावक बदलून बघितलं, आलेख पुन्हा मागवले. तीच दोन शिखरं, तिथंच. मग एकच उपाय राहिला. साताऱ्याला सरांच्या घरी कपाटात मूळ खटावीनची कुपी होती, मुळीतून काढलेलं. त्यातलं थोडं आणि माझं थोडं एकाच नळीत मिसळायचं. दोन्ही एकच असतील तर शिखरं एकावर एक बसतात. वेगळी असतील तर जोडीने उभी राहतात.

सर कुपी द्यायला खुशीने तयार झाले. "शेजारी शेजारी ठेवून बघायचं आहे," एवढंच मी म्हणालो. मी घ्यायला गेलो त्या दिवशी चाचींनी शीरखुर्मा केला होता. सरांनी कुपी माझ्या हातात ठेवताना ती दोन्ही हातांनी धरली होती.

पुण्याहून आलेख आला. दोन ठिकाणी शिखरांच्या जोड्या होत्या. मी बांधलं ते चित्राबरहुकूमच, हे आधीच पडताळलं होतं; म्हणजे चुकलं होतं ते सरांचं चित्र.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातंय. तो आलेख बघितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: सुटलो, माझं चुकलं नव्हतं. छाती हलकी झाली. घोटभर चहा गोड लागला. सर आठवले ते त्यानंतर. मधे फार वेळ गेला नसेल, पण गेला. मी काही केलं नव्हतं, केलं ते बरोबरच केलं होतं, तरीही त्या चहाच्या घोटाची लाज अजून जात नाही.

त्यात प्रयोगशाळेत आनंदीआनंद. माझ्या हाताखालचा संदीप कुंडलचाच, नात्यातलाही निघतो. तो नाचायच्या बेतात होता. "आवं साहेब, ह्ये तर लय मोठं झालं! जुळलं असतं तर नुसतं काम झालं असतं. आता शोध लागला की!" आणि खरं होतं ते. आमच्या धंद्यात दुसऱ्याचं छापून आलेलं चित्र चुकीचं ठरवणं हा मोठा पराक्रम समजतात. मालकांनी पेढे मागवले. म्हणाले, "एवढा पक्का पुरावा बघितला नव्हता. अभिनंदन." मी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

घरी सुनीताला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती बँकेत आहे, तिला सरळ हिशेब आवडतात. "चूक त्यांची, तोंड तुम्ही का लपवताय?"

"त्यांनी शिकवलंय मला."

"मग चूक शोधायलाही त्यांनीच शिकवलं असेल ना?"

 पण हिशेब बरोबर आला म्हणून लाज कमी होत नाही.

सत्काराला थोडे दिवस होते. गप्प बसता येणार नव्हतं, कारण अहवाल गिऱ्हाइकाला जाणार, पुढे छापला जाणार आणि सर तो वाचणार. सत्कारानंतर वाचणार, हे तर जास्त वाईट. मिसळलेला नमुना मी कॉलमवर घालून पुन्हा वेगळा केला. कॉलम म्हणजे पांढऱ्या भुकटीने भरलेली काचेची उभी नळी, तिच्यातून एकेक पदार्थ आपापल्या वेगाने खाली उतरतो. सरांचं ते सरांच्या कुपीत परत भरलं आणि साताऱ्याला गेलो.

दारात चपलांची गर्दी होती. रियाज वडूजहून आला होता. बैठकीत सतरंजीवर फ्लेक्स पसरून ठेवला होता. सरांचा टाय लावलेला फोटो, वर ‘खटावची शान’ आणि शेजारी पुरुषभर उंचीचं खटावीन. डिझाइन करणाऱ्याने षटकोन गुलाबी केले होते आणि ती त्रिकोणी रेघ सोनेरी.

"या साहेब!" रियाज म्हणाला. "कसं झालंय? आमी म्हनलं, सरांची ती रेघ उठून दिसली पायजे."

मी सरांना म्हणालो, आत बसू या का. सरांनी माझ्याकडे बघितलं. तोंडी परीक्षेला पोरगं तयारी न करता आलं की ते असे बघत. "इथंच बोल," म्हणाले.

मी आलेख काढून दाखवले. सरांनी चष्मा बदलला. दोन जोड्यांवर बोट ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"माझा नमुना जुना आहे. खराब झाला असेल."

"नाही सर. तुमच्या नमुन्याचे आजचे आकडे आणि तुम्ही तेव्हा छापलेले आकडे तंतोतंत तेच आहेत. आकडे तुमचे बरोबर आहेत. फक्त..."

"मग तुझं चुकलं असेल. तू चित्राप्रमाणेच बांधलंस कशावरून?"

"शेवटून दुसऱ्या पायरीवर स्फटिक मिळाले. क्ष-किरणांनी फोटो घेतलाय. तो गट वरच आहे, सर. तुम्ही दाखवला तसाच."

"आणि शेवटच्या पायरीला तो उलटला नसेल?"

"शेवटची पायरी त्याच्यापासून लांब होते. तरी तपासलं. उलटत नाही."

सर पुढे विचारत राहिले आणि मी उत्तरं देत राहिलो. प्रत्येक उत्तर बरोबर येत होतं आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक माझी मान खाली जात होती. परीक्षेत असे पैकीच्या पैकी मार्क मला कधी मिळाले नव्हते. शेवटी सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझा वर आहे तो वर नाही."

"तसं दिसतंय."

"त्या वेळी हातात जे यंत्र होतं, त्याच्यावर एवढं दिसत नव्हतं. जवळच्या झाडांतल्या पदार्थांत तो गट वर होता. म्हणून मला वाटलं, ह्याच्यातही वरच असणार." सरांनी आलेखांची घडी घातली. "वाटलं. आणि मी भरीव रेघ काढली."

 रियाज म्हणाला, "आवं चाचा, मग काय झालं? वर हाय का खाली हाय, वडूजात कोन बघायला जातंय? लोकास्नी गुलाबी चित्र दिसतंय न्हवं?"

"ह्यानं बघितलंय की," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

चाची दारात उभ्या होत्या. "कार्यक्रम रद्द करा," त्या म्हणाल्या. त्या कधी माझ्याशी तुटक बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मला पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"रद्द नाही करायचा," सर म्हणाले. "आणि तू पण यायचंस."

मी आलो नसतो तर बरं झालं असतं, असं वडूजला पोचेपर्यंत मनाशी म्हणत होतो. शाळेच्या पटांगणात मांडव होता. गर्दी चांगली होती: शेतकरी, सुट्टीवर आलेले फौजी, बाजारपेठेतले व्यापारी, सरांचे जुने विद्यार्थी. स्टेजच्या मागे तो फ्लेक्स. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमी कुठलं?" मी म्हणालो, "सांगलीचा." "सरांचं विद्यार्थी काय?" मी मान हलवली. "मग म्होरं बसा की. मागं का तोंड लपवून?"

भाषणं झाली. एकाने सांगितलं की खटावीनमुळे कॅन्सर बरा होतो. असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. सरांनी ते भाषण संपल्याबरोबर माइक घेतला आणि पहिलं वाक्य तेच बोलले, "ह्याने कॅन्सर बरा होत नाही. मला तसं माहीत नाही." मग म्हणाले, "आणि मागे जे चित्र लावलंय, ते चुकलेलं आहे."

लोक हसले. त्यांना वाटलं छपाईची चूक.

"छापणाऱ्याची नाही, माझी चूक. मी ह्या पदार्थाचा पत्ता लिहून ठेवला होता. एकाने त्या पत्त्यावर जाऊन घर बांधलं. घर चांगलं बांधलं. पण मूळ घराशी ते जुळेना. एक दार मी पूर्वेला सांगितलं होतं, ते तिथं नाही."

पुढच्या रांगेत एक माजी सुभेदार बसले होते, पांढऱ्या मिशांचे. ते बसल्या जागेवरून ओरडले, "म्हंजे सर, एवढी वर्सं आमाला चुकीचा पत्ता देत हुता म्हना की!"

"व्हय," सर म्हणाले. वर्गात ते कधी असं बोलत नसत. "आणि तो बगा, मागं बसलाय. त्या पत्त्यावर जाऊन परत आलेला गडी. ये रे पुढं."

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. मी चालत गेलो. ते अंतर किती होतं सांगता येणार नाही, पण लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या कशाला, हे त्यांना कळत नव्हतं आणि मला कळत होतं, म्हणून मला त्या सोसवेनात. स्टेजवर मी सरांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी दंडाला धरून मधेच उभं केलं. "ते नंतर. आधी काम." आणि रियाजला म्हणाले, "एक स्टूल आण. दुकानातली पांढरी चिकटपट्टी आण. आणि काळा जाड मार्कर."

"चाचा, फोटो काढायचं हायत अजून..."

"फोटो बरोबर चित्राबरोबर काढू."

स्टूल आलं. सर लोकांना म्हणाले, "तो गट वर नाही, एवढं ह्याने सिद्ध केलं. मग खाली असेल का? मला वाटतं, खाली असेल. पण तेव्हाही मला वाटलंच होतं. जोवर तसा बांधून जुळत नाही तोवर माहीत नाही म्हणायचं. माहीत नाही यालाही आमच्यात एक रेघ असते, नागमोडी. साप चालल्यासारखी." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "तू काढ. माझा हात तिथवर पोचत नाही."

"सर, मला नका सांगू."

"मग कोणाला सांगू? तुझ्याइतकं हे चित्र इथं कुणाला माहीत आहे?"

मी स्टुलावर चढलो. एका बाजूने रियाजने धरलं, दुसऱ्या बाजूने सुभेदार उठून आले होते. "चढा साहेब, धरलंय म्या. पडला तर सर सोडायचं न्हाईत." मी सोनेरी त्रिकोणावर चिकटपट्टी लावली. एक पट्टी पुरेना, दोन लागल्या. पट्टीखालून सोनेरी रंग थोडा दिसतच राहिला. मग मार्कर उघडला आणि तिथं टेकवला.  सरांच्या फोटोतला चेहरा माझ्या कोपरापाशी होता. हात इतका थरथरत होता की रेघ आपोआपच वाकडी झाली.

"थांब," खालून सरांचा आवाज आला, वर्गातला. "ती पट्टी काढ, दुसरी लाव आणि पुन्हा काढ. नागमोडी काढायची आहे, थरथरती नाही."